कायदा १९७३ चा, मग ठिय्या १९७७ साली कशासाठी?

प्रश्न असा आहे: अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणारं कलम अमेरिकेत १९७३ सालीच मंजूर झालं होतं. मग १९७७ साली दीडशेच्या आसपास माणसं सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सरकारी कचेरीत जवळजवळ महिनाभर ठाण मांडून का बसली? आणि जगभरच्या अपंग हक्कांच्या इतिहासात या ठिय्याला एवढं स्थान का दिलं जातं?

थोडक्यात सांगायचं तर कलम होतं, नियम नव्हते. आणि अपंगांच्या बाबतीत नियमांशिवाय कलमाला हात-पाय नसतात. हे नीट समजून घेतलं, तर भारतात १९९५ च्या आणि २०१६ च्या कायद्याचं काय झालं तेही आपोआप कळतं. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पुनर्वसन कायद्यातलं कलम ५०४ हे जेमतेम एका वाक्याचं. संघराज्य सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमातून पात्र व्यक्तीला केवळ अपंगत्वामुळे वगळता येणार नाही, त्याचे लाभ नाकारता येणार नाहीत, तिच्याशी भेदभाव करता येणार नाही. शब्दरचना जवळपास उचललेली होती १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून, जिथे वंश आणि वर्णाबाबत हेच म्हटलं होतं. संसदेत या वाक्यावर वेगळी सुनावणी झाली नाही. सिनेटच्या कर्मचाऱ्यांनी ते मसुद्याच्या शेवटी घातलं आणि बहुतेक सदस्यांचं त्याकडे लक्षही गेलं नाही. निक्सन यांनी हा कायदा आधी दोनदा परत पाठवला होता, पण तो खर्चाच्या कारणावरून. अखेर २६ सप्टेंबर १९७३ रोजी त्यांची सही झाली.

उचललेल्या शब्दांतच अडचण होती. वंशभेदाच्या बाबतीत ‘फक्त गोऱ्यांसाठी’ ही पाटी काढली की निदान दार तरी उघडतं. अपंगांच्या बाबतीत पाटी नसतेच, पायऱ्या असतात. ‘तुम्हाला प्रवेश आहे’ असं महाविद्यालयाने लिहून दिलं तरी व्हीलचेअर तिसऱ्या मजल्यावर जात नाही, आणि बहिऱ्या विद्यार्थ्याला व्याख्यान कळत नाही. म्हणजे भेदभाव थांबवायचा तर काहीतरी बांधावं लागतं, कुणालातरी नेमावं लागतं, परीक्षेची पद्धत बदलावी लागते. ते किती, कधीपर्यंत, कोणाच्या खर्चाने, जुन्या इमारतीत किती आणि नव्या इमारतीत किती, हे एका वाक्यात मावत नाही. ते लिहिलेलं नसेल तर प्रत्येक संस्था ‘आम्ही कुठे कुणाला अडवलंय?’ असं म्हणून मोकळी होते. १९७३ ते १९७७ या काळात नेमकं हेच चाललं होतं.

नियम करायचं काम आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याकडे होतं. खात्याच्या नागरी हक्क कार्यालयातल्या वकिलांनी चांगला मसुदा तयार केला, पण तो सहीविना पडून राहिला. जेम्स चेरी या अपंग नागरिकाने खटला भरला, आणि जुलै १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने नियम काढणं खात्यावर बंधनकारक असल्याचा निकाल दिला. तरीही त्या वेळचे मंत्री डेव्हिड मॅथ्यूज सही न करताच पायउतार झाले. जानेवारी १९७७ मध्ये कार्टर यांचं सरकार आलं. नवे मंत्री जोसेफ कॅलिफानो म्हणाले, मला मसुदा पुन्हा तपासायचा आहे. ‘पुन्हा तपासणं’ म्हणजे सवलती घालून पातळ करणं, हे चळवळीतल्या लोकांना ठाऊक होतं. अपंग नागरिकांच्या राष्ट्रीय आघाडीने, म्हणजे फ्रँक बो या बहिऱ्या कार्यकर्त्याच्या नेतृत्वाखालच्या संघटनेने, मुदत दिली: ४ एप्रिलपर्यंत सही झाली नाही, तर ५ तारखेला देशभरातल्या प्रादेशिक कचेऱ्यांसमोर उतरू.

५ एप्रिल १९७७ ला लोक उतरले. वॉशिंग्टनमध्ये खुद्द मंत्रालयात ठिय्या झाला. तिथे जेवण आत जाऊ दिलं नाही, फोन वापरू दिले नाहीत, आणि सुमारे २८ तासांत लोकांना बाहेर पडावं लागलं. इतर शहरांतही आंदोलनं लवकर आटोपली. टिकलं ते एकटं सॅन फ्रान्सिस्को. ५० युनायटेड नेशन्स प्लाझा या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ते जवळपास २५ दिवस चाललं. निर्धार तर सगळीकडेच होता, मग फरक कशाने पडला? तयारीने.

तिथल्या संघटक किटी कोन यांनी आठवडे आधी समित्या नेमल्या होत्या: जेवण, औषधोपचार, प्रसिद्धी, निधी, सुरक्षा. कामगार संघटना, चर्च आणि इतर नागरी हक्क गट यांच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. अपंगांच्या ठिय्यात हे काम दुप्पट जिकिरीचं असतं, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला रात्री ठरावीक वेळाने कुशीवर वळवलं नाही तर जखमा होतात, आणि त्या चिघळल्या तर जिवावर बेततात. लघवीची नळी बदलावी लागते. काही औषधं थंड ठेवावी लागतात, त्यासाठी एअर कंडिशनरवर पेटी चिकटवून कामचलाऊ फ्रिज तयार केला गेला. अनेकजण मदतनिसाशिवाय आले होते. त्यांना उचलणं, भरवणं, आंघोळ घालणं आतल्या लोकांनीच एकमेकांसाठी केलं. फोन बंद झाले तेव्हा बहिऱ्या आंदोलकांनी खिडकीत उभं राहून सांकेतिक भाषेत खालच्या लोकांना निरोप पोचवले.

बाहेरून काय आलं, तेही नोंदवण्यासारखं आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने रोज गरम जेवण पोचवलं, तेही पहाऱ्यावरच्यांनी आडकाठी केल्यावर. त्या पक्षाचे ब्रॅड लोमॅक्स स्वतः मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे व्हीलचेअर वापरत आणि आत बसले होते, त्यांना मदत करणारे चक जॅक्सनही तिथेच होते. समलिंगी हक्कांच्या एका स्थानिक गटाने वॉकीटॉकी आत पोचवले. महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी गाद्या आणि नळाला जोडायचे हाताचे शॉवर पाठवले. या मदतीला मी इतकी जागा देतोय ती मुद्दाम. ‘अपंगांनी जिद्दीने जिंकलं’ एवढंच सांगितलं की गोष्ट छान वाटते, पण तिच्यातलं शिकण्यासारखं गळून पडतं. जिद्द वॉशिंग्टनलाही होती, तिथे जेवण नव्हतं.

आत बसलेल्यांच्या पुढाऱ्यांपैकी ज्युडी ह्यूमन या सर्वांत परिचित. लहानपणी पोलिओ झालेला. १९७० साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने शिक्षिकेचा परवाना नाकारला, तेव्हा खटला भरून त्यांनी तो मिळवला होता. १५ एप्रिलला खासदार फिलिप बर्टन आणि जॉर्ज मिलर यांनी त्याच इमारतीत संसदीय सुनावणी घेतली. अपंगांसाठी वेगळ्या शाळा ठेवता येतील अशा प्रकारचे बदल विचाराधीन आहेत, हे तिथे खात्याच्या अधिकाऱ्याच्याच तोंडून उघड झालं. अमेरिकेत ‘वेगळं पण समान’ ही भाषा १९५४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांच्या शाळांच्या संदर्भात मोडीत काढली होती. तीच अपंगांसाठी परत येतेय हे दिसल्यावर सरकारची बाजू लंगडी झाली. त्यानंतर एक तुकडी विमानाने वॉशिंग्टनला गेली. तिथे यंत्रकामगारांच्या संघटनेने ट्रक दिला, आणि मंत्र्यांच्या घरासमोरच जागर सुरू झाला. २८ एप्रिल १९७७ रोजी कॅलिफानो यांनी मूळ मसुद्यावर सही केली. ३० तारखेला लोक इमारतीतून बाहेर पडले.

आता त्या नियमांत काय होतं ते पाहा. खरा इतिहास या कलमांत आहे, आणि फोटोंच्या गर्दीत तोच दुर्लक्षित राहतो. नियम ३ जून १९७७ पासून लागू झाले. त्यानंतर बांधकाम सुरू होणारी प्रत्येक इमारत सुगम, म्हणजे अपंगांना वापरता येईल अशी हवी, त्याला सूट नाही. जुन्या इमारतींबाबत व्यवहारी तोडगा होता: प्रत्येक खोली सुगम करायची सक्ती नाही, पण कार्यक्रम एकंदरीत सुगम हवा. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग तळमजल्यावर हलवून काम भागत असेल तर ६० दिवसांत हलवा. बांधकामच लागणार असेल तर ६ महिन्यांत लेखी आराखडा करा, त्यात अडथळ्यांची यादी आणि वेळापत्रक लिहा, आणि ३ वर्षांत काम संपवा. १ वर्षात स्वतःच्या धोरणांचं परीक्षण करा, तेही अपंग व्यक्तींना सोबत घेऊन. १५ किंवा जास्त कर्मचारी असतील तर जबाबदार अधिकारी नेमा आणि तक्रारीची पद्धत ठरवा. भेदभाव झाला तर १८० दिवसांत सरकारकडे तक्रार करता येईल. महाविद्यालयाने प्रवेशाआधी अपंगत्वाची चौकशी करायची नाही. नोकरी देणाऱ्याने कर्मचाऱ्याच्या गरजेनुसार ‘वाजवी सोय’ करून द्यायची. ती अवाजवी बोजा ठरते असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करणं मालकाचं काम.

मापांसाठी नियमांनी १९६१ च्या राष्ट्रीय मानकाकडे बोट दाखवलं. इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजंट यांच्या पुढाकाराने झालेल्या कामातून ते आलं होतं. उताराचं प्रमाण १:१२, दार उघडल्यावर मोकळी रुंदी किमान ३२ इंच. संघराज्य सरकारच्या पैशाने बांधलेल्या इमारतींसाठी १९६८ चा एक कायदा होता, पण सरकारी पैसा घेणाऱ्या बाकीच्या बऱ्याच संस्थांना हे मानक संघराज्याच्या पातळीवर बंधनकारक नव्हतं. १९७७ नंतर सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येकाला नव्या बांधकामात ते पाळणं भाग झालं. माझ्या मते ठिय्याचं सर्वांत मोठं फळ हेच: बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिलेलं माप सक्तीचं झालं.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. १९७९ साली कलम ५०४ चा पहिला खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मागणारी कमी ऐकू येणारी स्त्री तिथे हरली. १९८१ मध्ये अपील न्यायालयाने सार्वजनिक वाहतुकीचे नियम रद्द केले, त्यामुळे बसचा प्रश्न जवळपास दहा वर्षं रस्त्यावर लढावा लागला. रेगन सरकारने नियम सैल करण्याचा घाट घातला. त्या कार्यदलाचे प्रमुख उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश होते. देशभरातून आलेल्या पत्रांनंतर १९८३ मध्ये तो बेत सोडावा लागला. याच बुश यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून २६ जुलै १९९० रोजी अपंग अमेरिकनांच्या कायद्यावर सही केली. त्याआधी मार्च १९९० मध्ये व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवून कार्यकर्ते संसदेच्या पायऱ्या हातांवर सरपटत चढले होते. १९९० च्या कायद्याने कलम ५०४ मधल्या कल्पना खाजगी मालक, दुकानं, हॉटेलं यांच्यापर्यंत नेल्या. ‘वाजवी सोय’ तिथूनच पुढे आली.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. त्याच एप्रिल १९७७ मध्ये जपानच्या कावासाकी शहरात सेरेब्रल पाल्सी असलेले कार्यकर्ते बसमध्ये चढून बसले. मदतनीस सोबत नसेल तर व्हीलचेअरवाल्याला बसमध्ये घ्यायचं नाही, असं तिथल्या बसकंपन्यांचं धोरण होतं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण त्या सुमारास ब्रिटनमध्येही अपंगांच्या एका छोट्या संघटनेने (१९७६) मांडलं होतं की आमच्या शरीरातली उणीव वेगळी, आणि समाज तिच्यावर जी बंधनं लादतो ते अपंगत्व वेगळं. दया करणाऱ्यांच्या हातातून सूत्रं काढून घेणं तिन्ही ठिकाणी सुरू होतं. १९८१ साली सिंगापूरला अपंगांनी स्वतः चालवलेली जागतिक संघटना स्थापन झाली. डिसेंबर २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार आला. त्याच्या दुसऱ्या कलमात ‘वाजवी सोय’ची व्याख्या आहे, आणि ती नाकारणं हाच भेदभाव असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी या कराराला मान्यता दिली.

आता आपल्याकडे. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा संमत व्हावा म्हणून अपंग हक्कांचे कार्यकर्ते जावेद अबिदी आणि सहकारी दिल्लीत रस्त्यावर उतरले होते. कायदा झाला, ३ टक्के आरक्षण आलं. पण रस्ते, वाहतूक आणि इमारतींच्या कलमांत एक शेपूट लावलेलं होतं: ‘आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत’. एवढ्या शब्दांवर वीस वर्षं निघून गेली. पैसे नाहीत म्हटलं की विषय संपला, कारण मुदत नव्हती आणि मापही नव्हतं.

२०१६ च्या कायद्याने शेपूट कापलं. कलम ४० नुसार केंद्राने सुगमतेची मानकं नियमांनी ठरवायची. कलम ४४ नुसार ती पाळली नसतील तर बांधकाम परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून ५ वर्षांत सुधारायच्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ही मुदत २०२२ मध्ये संपून गेली. पण नियम १५ मध्ये ज्या मार्गदर्शक तत्त्वांचा हवाला दिला, ती शिफारशीच्या भाषेत होती. कायदा सक्तीचा, नियम ऐच्छिक: १९७७ च्या आधीचीच गत, फक्त उलट्या वाटेने आलेली. राजीव रतुरी यांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नियम १५(१) मूळ कायद्याच्या विरोधात असल्याचं ठरवलं. सक्तीची मानकं मार्गदर्शनापासून वेगळी काढून नियमात घालायला केंद्राला ३ महिने दिले. सुगमता आणि वाजवी सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक दिली म्हणून दुसरी टळत नाही, हेही त्या निकालात आहे. पहिली सगळ्यांसाठी आधीच करून ठेवायची, दुसरी एका व्यक्तीच्या गरजेनुसार मागितल्यावर द्यायची.

याचा उपयोग कसा करायचा, हे विचारलं नसलं तरी सांगतो, कारण तक्रारी बहुधा इथेच फसतात. ‘इमारतीत अपंगांची सोय नाही’ असं लिहिलं की उत्तर येतं, ‘रॅम्प उपलब्ध आहे’. म्हणून आधी टेप घेऊन मोजा. तीन पायऱ्या, प्रत्येकी १५० मिलिमीटर, म्हणजे ४५० मिलिमीटर उंची. १:१२ ने उतार ५.४ मीटर लांब हवा, वर आणि खाली प्रत्येकी दीड मीटरची सपाट जागा धरली तर एकूण ८.४ मीटर. प्रत्यक्षात बऱ्याचदा दोन-अडीच मीटरचा सिमेंटचा घसरा केलेला असतो, म्हणजे उतार १:५ च्या आसपास. त्यावर माणसाला मागून ढकलावं लागतं आणि उतरताना खुर्ची पुढे कलंडते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे उताराच्या माथ्यावर सपाट जागाच नसणं आणि दार बाहेर उघडणं. खुर्ची उतारावर धरून ठेवायची आणि त्याच हाताने दार ओढायचं, हे होत नाही. तिसरी: पावसाळ्यात गुळगुळीत फरशी. चौथी: शौचालयाला सुगमतेचं चिन्ह आहे, पण आत झाडू-बादल्यांचं कोठार आणि दाराला कुलूप. हे सगळं मिलिमीटरमध्ये, तारखेसह, फोटोंसह लिहा. फोटोत टेप दिसायला हवी.

मग योग्य दार ठोठवा. सरकारी कर्मचारी असाल आणि तक्रार नोकरीतल्या वागणुकीची किंवा वाजवी सोयीची असेल, तर कलम २३ खालचा तक्रार निवारण अधिकारी. नोंद झाल्यापासून २ आठवड्यांत चौकशी व्हायला हवी, समाधान झालं नाही तर जिल्हा समितीकडे जाता येतं. राज्याच्या किंवा महापालिकेच्या इमारतीबद्दल असेल तर राज्य आयुक्त, महाराष्ट्रात त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. केंद्राच्या, म्हणजे रेल्वे, टपाल, राष्ट्रीयीकृत बँक यांच्याबद्दल असेल तर दिल्लीचे मुख्य आयुक्त. राज्य आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधित खात्याने ३ महिन्यांत काय केलं ते कळवायचं, मान्य नसेल तर कारणं द्यायची (कलम ८१). इमारत नवी असेल तर तिला पूर्णत्वाचा दाखला कोणत्या नकाशावर दिला, ते माहिती अधिकारात मागवा. नकाशात उतार दाखवलेला आणि जागेवर नसलेला, असं सापडलं की कलम ४४ थेट लागू होतं. खाजगी बांधकामाच्या बाबतीतही हेच हत्यार चालतं. दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे: पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत, नंतर ५० हजार ते ५ लाख.

अर्जात मागणी एकच आणि मोजता येईल अशी ठेवा. ‘सोयी कराव्यात’ असं लिहू नका. ‘मुख्य दारापाशी १:१२ उताराचा, किमान १२०० मिलिमीटर रुंदीचा, दोन्ही बाजूंना कठडे असलेला रॅम्प, तो होईपर्यंत हे काम तळमजल्यावरच्या खोलीत करून द्यावं’ असं लिहा. दुसरा भाग विसरू नका. बांधकामाला वेळ लागतो असं उत्तर आलं तरी टेबल खाली आणायला वेळ लागत नाही, आणि १९७७ च्या नियमांनी त्यासाठी ६० दिवस दिले होते ते याच कारणाने. अर्ज करण्याआधी नियम १५ सध्या कोणत्या रूपात लागू आहे ते राजपत्रात पाहून घ्या, आणि रतुरी निकालाची तारीख अर्जात घाला. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.